रस्ता कुणाचा? स्ट्रासबर्गच्या ट्रामचे फायदे

मागच्या वेळी आपण 'सार्वजनिक हित' या शब्दाची बरीच चिरफाड केली. त्यावर आलेल्या प्रश्नांत एक सूर सारखा होता: तत्त्व कळलं, आता एखादं ठोस उदाहरण घ्या आणि त्यात हित कसं मोजायचं ते दाखवा. रास्त मागणी आहे. म्हणून आज आपण एक ट्रामचा मार्ग घेणार आहोत. गाव आहे स्ट्रासबर्ग. फ्रान्सच्या पूर्व टोकाला, ऱ्हाइन नदीकाठी, पलीकडे लगेच जर्मनी. हेच उदाहरण का? कारण तिथे ट्रामच्या फायद्यांचा वाद बंद खोलीत झाला नाही, महापौराच्या निवडणुकीत झाला. शिवाय गाडी सुरू होऊन तीस वर्षं उलटली आहेत, तेव्हा आपण नुसत्या अपेक्षांविषयी बोलत नाही आहोत.

आधी शब्द नीट करून घेऊ. आजच्या भाषेत अशा गाडीला 'लाइट रेल' म्हणतात. यातला हलकेपणा डब्याच्या वजनाचा कमी, आणि किती माणसं न्यायची, किती मोठं बांधकाम लागायचं याचा जास्त आहे. बसपेक्षा मोठी, मेट्रोपेक्षा लहान. बहुतेक ठिकाणी रस्त्याच्याच पातळीवर धावते, पण तिची स्वतःची पट्टी असते आणि सिग्नलला तिला आधी वाट मिळते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळं भांडण त्यात आहे.

जुनी ट्राम स्ट्रासबर्गमध्ये 1878 साली आली आणि 1960 साली बंद झाली. आपल्या मुंबईशी ताडून बघा: 1874 ते 1964. काळ जवळजवळ तोच, आणि कारणही तेच. मोटारींना रस्ता हवा होता आणि ट्राम मध्ये येत होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत स्ट्रासबर्गच्या जुन्या गाभ्यात, कॅथीड्रलपासून चार पावलांवर, मोटारींची गर्दी झाली. शहराचा मुख्य चौक म्हणजे क्लेबर चौक. तोही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांचा रस्ता होऊन बसला. त्यातल्या कितीतरी गाड्यांना त्या चौकात काही कामच नव्हतं, फक्त पलीकडे जायचं होतं.

यावर दोन उत्तरं समोर आली. महापौर मार्सेल रुदलॉफ यांच्या प्रशासनाला चालकाविना धावणारी छोटी मेट्रो हवी होती, जशी लील शहरात 1983 साली सुरू झाली होती. ती शहराच्या मध्यभागी जमिनीखालून जाणार होती. विरोधी बाजूच्या कॅथरीन त्रोतमान म्हणाल्या, ट्राम आणू आणि ती रस्त्यावरून नेऊ. (या बाई शिक्षणाने धर्मशास्त्राच्या अभ्यासक. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्यांना याचं थोडं कौतुक वाटतं, दुसरं काही नाही.) 1989 च्या निवडणुकीत त्या जिंकल्या.

आता वादाच्या गाभ्याकडे येऊ. मध्यवस्तीतल्या बऱ्याच दुकानदारांना भुयारी गाडी पसंत होती, आणि त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. गिऱ्हाईक मोटारीतून येतं, रस्ता अडला तर गिऱ्हाईक जाईल, हा त्यांचा हिशोब. गाडी जमिनीखाली गेली की वर कुणाला काहीच सोडावं लागत नाही. स्टेशन ते स्टेशन मिनिटं मोजली तर भुयारी गाडी जिंकतेच. मग ट्राम कशासाठी?

पहिलं कारण पैशाचं. भुयार खणायला इतका खर्च येतो की त्याच रकमेत रस्त्यावरून कितीतरी पट लांबीचा ट्राममार्ग होतो. म्हणजे प्रश्न 'वेगवान गाडी की हळू गाडी' असा उरत नाही. मूठभर वस्त्यांना वेगवान गाडी, की पुष्कळ वस्त्यांना बऱ्यापैकी गाडी, असा तो होतो.

दुसरं कारण आमच्या मते जास्त महत्त्वाचं. जमिनीखालची गाडी वरचा रस्ता होता तसाच ठेवते. आणि त्रोतमान यांच्या बाजूचं म्हणणंच असं होतं की रस्ता आहे तसा ठेवणं हीच मुळात चूक आहे.

इथे थोडं गणित करू, साधंच आहे. स्ट्रासबर्गची पहिली ट्राम सुमारे 33 मीटर लांबीची. तिच्यात दोनशेच्या आसपास माणसं मावतात. हीच दोनशे माणसं मोटारींत बसवा. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर 133 मोटारी लागतील. दाटीवाटीने उभ्या केल्या, एकीला 7 मीटर जागा दिली, तरी रांग 930 मीटर होते. म्हणजे एकीकडे 33 मीटर आणि दुसरीकडे जवळपास एक किलोमीटर. बेंथमच्या हिशोबाची शिस्त आपण मागे पाहिली: प्रत्येक माणूस एक, कुणीही एकाहून जास्त नाही. पण रस्त्यावरचा सिग्नल माणसं मोजतच नाही, वाहनं मोजतो. दोनशे जणांची ट्राम एक आणि एकट्याची मोटारही एकच. ट्रामला स्वतःची पट्टी आणि आधी वाट देणं याला काही लोक मेहेरबानी म्हणतात. आम्हांला तर ती मोजणीतली दुरुस्ती वाटते.

आपल्याकडे काय झालं बघा. पुणे, नागपूर, मुंबई, सगळीकडे मेट्रो आली ती खांबांवरून किंवा भुयारातून. त्याला कारणं आहेत. गर्दी प्रचंड आहे, रस्ते अरुंद आहेत, आणि मुंबईची गर्दी ट्रामला झेपणार नाही हे उघड आहे. पण एक कारण आपण मोठ्याने बोलत नाही: त्यामुळे खालचा रस्ता कुणाकडून काढून घ्यावा लागत नाही. पुण्यात 2006 साली बसला वेगळी मार्गिका द्यायचा प्रयोग सुरू झाला. त्या मार्गिकेत दुचाक्या आणि मोटारी कशा शिरायच्या ते पुणेकर श्रोत्यांना सांगायला नको.

परत स्ट्रासबर्गला जाऊ. तिथे ट्राम यायच्या आधीच, 1992 साली, क्लेबर चौक मोटारींना बंद केला. गाभ्यातून आरपार जाणारी वाहतूक तोडली. आत यायला मनाई नव्हती, पण ज्या बाजूने आलात त्याच बाजूने बाहेर पडायचं. शहराच्या कडेला वाहनतळ केले आणि तिथल्या पावतीतच गाडीतल्या सगळ्यांचं ट्रामचं जाण्या-येण्याचं तिकीट दिलं. मग 25 नोव्हेंबर 1994 ला 'ए' मार्ग सुरू झाला, 9.8 किलोमीटरचा. गंमत म्हणजे रेल्वे स्टेशनाखाली त्यांनाही एक भुयार खणावंच लागलं. तत्त्वाचा हट्ट कुठे सोडायचा हेही कळावं लागतं.

तो मार्ग सुरू कुठून होतो? ओतपियेर नावाच्या वस्तीतून. शहराच्या पश्चिमेला वसवलेल्या मोठमोठ्या इमारती, कष्टकऱ्यांची आणि स्थलांतरितांची वस्ती, महामार्गांनी शहरापासून तोडलेली. मार्ग तिथून निघतो आणि शहराच्या ऐन मध्यात ओम द फेर या थांब्यावर येतो. (नावाचा अर्थ लोखंडी माणूस. तिथल्या औषधाच्या दुकानावर चिलखत घातलेला शिपाई आहे, त्यावरून.) ओतपियेरमधल्या एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीचा विचार करा. घरात मोटार नाही. ट्रामने तिची मिनिटं किती वाचली हा प्रश्न तिच्या बाबतीत तोकडा पडतो, कारण जी फेरी ती आधी करतच नव्हती तिची मिनिटं वाचवणार कुठून? संध्याकाळी मध्यवस्तीत जाऊन उशिरा घरी परतता येणं ही तिच्यासाठी नवी शक्यता आहे. अमर्त्य सेन ज्याला क्षमता म्हणतात ती हीच. वाचलेल्या मिनिटांना पैशांत बदलणारे अहवाल अशा माणसाला जवळजवळ शून्य किंमत देतात.

तळाची उंचीही याच हिशोबात येते. ग्रनोबल शहराने 1983 साली लोकमत घेऊन, 53 टक्के मतांनी, ट्राम मंजूर केली आणि 1987 मध्ये सुरू केली. तिचा तळ फलाटाशी जुळेल इतका खाली आणला होता. चाकाच्या खुर्चीतला माणूस कुणालाही हाक न मारता आत जातो. स्ट्रासबर्गने तेच केलं आणि वर जमिनीपासून छतापर्यंत काचा दिल्या. आमच्या वयाच्या माणसांना पायरी नसणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ज्या गाडीत चढायला कुणाचा हात धरावा लागतो आणि ज्या गाडीत आपलं आपण चढता येतं, त्या दोन्हींचा वेग सारखा असेल, फायदा सारखा नाही.

आता दुकानदार. त्यांना विसरून चालणार नाही, कारण काम चालू असताना रस्ता खणलेला असतो आणि गल्ला रिकामा. पुढे बाजार भरेल हे सांगून आजचं भाडं भरता येत नाही. फ्रान्समधल्या ट्राम बांधणाऱ्या शहरांत पुढे नुकसानभरपाईसाठी समिती नेमायची पद्धत पडली, ती योग्यच आहे. सगळ्यांच्या फायद्याचं ओझं एका रांगेतल्या वीस दुकानांनी वाहावं याला हित म्हणत नाहीत. पैशाबाबतही त्यांची एक रीत पाहण्यासारखी आहे. एका ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं कामाला ठेवणाऱ्या मालकांकडून, पगाराच्या प्रमाणात, वाहतुकीसाठी कर घेतला जातो. 1971 साली तो पॅरिसपुरता सुरू झाला आणि लवकरच इतर शहरांत गेला. कामगार वेळेवर पोचण्यात मालकाचा फायदा आहे, तर त्याने वाटा उचलावा, इतका सरळ विचार आहे.

1995 साली त्रोतमान पहिल्याच फेरीत पुन्हा निवडून आल्या. 2001 साली हरल्या, पण त्यांना हरवणाऱ्यांनी ट्राम थांबवली नाही, वाढवली. याच्या उलट नांत शहरातलं. तिथे महापौर आलें शेनार यांनी ट्राम बांधायला घेतली, 1983 ला ते हरले, आणि 1985 साली ती सुरू झाली तेव्हा खुर्चीत त्यांचे विरोधक होते. फायदा दिसायला जितका काळ लागतो त्याआधी मतदान येतं, ही अडचण कुठल्याच आराखड्यात लिहिलेली नसते.

एक फायदा मात्र 1989 च्या वादात मध्यवर्ती नव्हता. 2017 साली 'डी' मार्ग ऱ्हाइनवरच्या नव्या पुलावरून जर्मनीतल्या केल गावात गेला. हे शहर 1871 पासून 1945 पर्यंत दोन देशांत चार वेळा हात बदलून गेलेलं, आणि आता तिथे साध्या ट्राममध्ये बसून सीमा ओलांडता येते. लोक ओलांडतात कशाला? बरेच जण सामान घ्यायला, आणि पुष्कळ जण तंबाखू घ्यायला, कारण ती जर्मनीत स्वस्त आहे. केलमध्ये तंबाखूची दुकानं इतकी आहेत की तिथल्या लोकांनाच त्याचा वैताग येतो. आता हा फायदा की तोटा, आणि तो कुणाच्या खात्यात मांडायचा, हे तुम्ही कळवा. पुढच्या वेळी तुमच्या उत्तरांपासून सुरुवात करू.