धापा टाकल्या तरी घड्याळावर ऑक्सिजन ९८च का?

पेण स्टेशनवर धावतपळत दिवा-रोहा मेमू पकडलीत. छाती भात्यासारखी चाललीये. सीट मिळाल्यावर हात स्थिर ठेवून स्मार्टवॉचवर ऑक्सिजन बघितला, तर ९८. सकाळी निवांत बसला होतात तेव्हाही ९८च! घड्याळ बिघडलं का? नाही.

निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासावरच ९५ ते १०० टक्के भरलेलं असतं. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठे मावणार? घड्याळ त्वचेवर लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश टाकून तेवढंच मोजतं.

धापेने खरा फरक पडतो तो कार्बन डायऑक्साइडला. आणि हा वायू फुफ्फुसात तयार होत नाही हं, तो पेशींत तयार होतो. फुफ्फुसं फक्त बाहेर टाकतात. आत घेतलेल्या हवेत तो ०.०४ टक्के असतो, बाहेर सोडलेल्या हवेत साधारण ४ टक्के. धावताना स्नायू तो जास्त बनवतात, म्हणून धाप लागते, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं.

पण नुसतं बसून जोरजोरात श्वास घेतलात तर? वायू बनतोय कमी, बाहेर जातोय जास्त. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घसरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, ओठ-बोटांना मुंग्या येतात. घड्याळ मात्र ९८-९९ दाखवत खूश! हे मोजणारं कॅप्नोग्राफ नावाचं यंत्र हॉस्पिटलात असतं, मनगटावर नाही.

आता रोह्याच्या कुंडलिकेवर या. पाण्याखालचा रील लांबवायचा म्हणून काही जण बुडी मारण्याआधी वीस-पंचवीस जोरदार श्वास घेतात. ऑक्सिजनचा साठा त्याने फारसा वाढत नाही. उलट 'श्वास घे' ही तळमळ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते, आणि तोच तुम्ही आधी उडवून लावलेला असतो. म्हणजे अलार्म म्यूट! खाली ऑक्सिजन संपत जातो, तळमळ होतच नाही आणि माणूस थेट बेशुद्ध पडतो. पट्टीचा पोहणाराही, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा. बेशुद्धीत पुढचा श्वास पाण्याचाच असतो. काठावर मोबाइल धरून उभ्या असलेल्या मित्राला वाटत असतं, भाऊने अजून दम धरलाय.