साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला पिगॉट

१८ एप्रिल १८८७ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’ने एक पत्र छापलं, अक्षराच्या वळणासकट जसंच्या तसं. खाली सही होती आयर्लंडच्या स्वराज्यासाठी ब्रिटिश संसदेत झगडणाऱ्या चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांची. पाच वर्षांपूर्वी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये सरकारच्या दोन बड्या अधिकाऱ्यांचे खून पडले होते. त्यांतल्या एकाला त्याच्या लायकीचंच फळ मिळालं, असा पत्राचा मतलब. पार्नेल यांनी पत्र बनावट असल्याचं संसदेत लगेच सांगितलं. पण हजारो वाचकांनी सही डोळ्यांनी पाहिली होती!

अखेर सरकारने तीन न्यायाधीशांचा आयोग नेमला. १८८८च्या ऑक्टोबरपासून स्ट्रँडवरच्या न्यायालयात साक्षी सुरू झाल्या. लघुलिपीवाले शब्दन्‌शब्द टिपत होते. आणि ‘द ग्राफिक’ साप्ताहिकाचे चित्रकार सिडनी प्रायर हॉल पेन्सिलीने माणसं टिपत होते. हेच हॉल १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्सबरोबर मुंबईत उतरले होते. धावत्या प्रसंगाचं रेखाटन करण्यात त्यांचा हात बसलेला होता.

अशा रेखाटनाचं छापील चित्र होईपर्यंत त्यावरून अनेकांचे हात फिरत. मोठ्या चित्रांसाठी बॉक्सवुड या कठीण लाकडाचे छोटे ठोकळे मागून बोल्टांनी आवळून एक सलग पृष्ठभाग करत. त्यावर चित्र उलटं उमटवायचं, मग ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे. एकाकडे न्यायाधीशाचा टोप, दुसऱ्याकडे गर्दीतले चेहरे. कोरून झालं की तुकडे पुन्हा जोडून खिळ्यांच्या मजकुराबरोबर छपाई. त्या काळच्या अंकातलं मोठं चित्र निरखून पाहा: कधीकधी आकाशातून किंवा एखाद्याच्या कोटावरून बारीक पांढरी रेघ सरळ खाली गेलेली दिसते. तो ठोकळ्यांचा सांधा. चित्राखाली चित्रकाराचं नाव असे. कोट कोरणारा मात्र निनावीच राही, याची खंत वाटते.

फेब्रुवारी १८८९मध्ये डब्लिनचा पत्रकार रिचर्ड पिगॉट पिंजऱ्यात उभा राहिला. टक्कल, पांढरी दाढी, डोळ्याला एकभिंगी चष्मा. ‘टाइम्स’ने छापलेलं पत्र आणि तशी आणखी काही पत्रं त्याच्याकडूनच आली होती. पार्नेल यांचे वकील सर चार्ल्स रसेल यांनी त्याला कागद देऊन काही शब्द लिहायला लावले. त्यांत ‘हेझिटन्सी’ (hesitancy) हा शब्द होता. पिगॉटने ‘ए’च्या जागी ‘ई’ लिहिला. नेमकी हीच चूक त्याने पुरवलेल्या एका पत्रात होती! हॉल यांनी ही उलटतपासणी चितारली. भांबावलेला साक्षीदार कसा दिसतो हे लघुलिपीला सांगता येत नाही, म्हणून त्या चित्राचं मोल मोठं.

काही दिवसांतच पिगॉट पळाला. बनावटगिरीची कबुली मागे ठेवून तो माद्रिदला पोचला आणि पोलिस दाराशी येताच त्याने स्वतःवर गोळी झाडली. ‘टाइम्स’ला पार्नेल यांना ५,००० पौंड मोजावे लागले.

हॉल यांची या खटल्याची कित्येक रेखाटनं लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. पुढे १९२५च्या कायद्याने इंग्लंडच्या न्यायालयात छायाचित्रणाबरोबर रेखाटनावरही बंदी आली. तिथल्या चित्रकाराला आजही चेहरे लक्षात ठेवून बाहेर येऊनच चित्र काढावं लागतं.