चार हात मातीचा जमाखर्च

कार्तिक सरत आला की वणीच्या बाजारात मेथी, पालक आणि सांबाराचे ढीग लागतात. भाव उतरतात, तरीही मजूर कुटुंबाच्या ताटात पालेभाजी रोज येतेच असे नाही. आठवडी बाजारातून आणलेली जुडी दोन दिवसांत पिवळी पडते. पुढचे पाच दिवस वरण-भात, नाहीतर भाकर आणि मिरचीचा ठेचा. ज्या घरात हे चित्र आहे, त्या घरातील माय-भगिनींसाठी हा लेख आहे. पुरुष मंडळींनीही तो वाचावा, कारण कुदळ मारण्याचे काम त्यांच्याच वाट्याचे आहे.

कोळशाच्या खाणीने आणि चुन्याच्या भट्ट्यांनी आमच्या राजूरला नाव दिले. इथली जमीन काळी, भारी आणि मुळातच चुनखडीची. पावसाळ्यात पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जागी फुलझाडे आणि भाजी काय होणार, असे अनेकजण म्हणतात. मीही म्हणत होतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या आंगणाने मला एक धडा दिला, तो आधी सांगतो.

अशोक विजयादशमीपूर्वी आम्ही घराला चुना मारला. बादलीत उरलेला चुना मी आंगणातल्या वाफ्यात ओतून दिला. चुन्याने किडे मरतात, एवढेच माझे ज्ञान. नोव्हेंबरमध्ये त्याच वाफ्यात मेथी आणि टमाटर लावले. रोपे उगवली, पण डिसेंबरच्या मध्यापर्यंत शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मला वाटले पाणी कमी पडते. मी पाणी वाढवले, तसा रोग वाढला.

माझी माय ओट्यावर बसून पाहत होती. ती म्हणाली, "बापू, या पानाईचा रंग पाहिला का? आपल्या पोरीचं तोंडबी असंच दिसते."

लेक दहावीला होती. अभ्यासाला बसली की डुलक्या घ्यायची, जिना चढताना दम लागायचा. आम्ही तिला आळशी म्हणून बोलत होतो. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 8.6 निघाले. या वयात ते किमान 12 असावे लागते. मायला कोणतीही तपासणी कळत नव्हती, पण तिची नजर बरोबर ठरली. पानातही लोहाची कमतरता होती आणि पोरीच्या रक्तातही.

मातीचे कारण पुढे जाणकाराकडून समजले. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण ते मुळांना घेता येत नाही. त्यात मी आणखी चुना ओतला होता. वरची पांढरट माती काढून टाकली, कुजलेले शेणखत घमेल्याने मिसळले. शिवाय एका लिटर पाण्यात 5 ग्रॅमपेक्षा जास्त नाही, अशा बेताने शेतीचे हिराकस घेऊन संध्याकाळी पानांवर फवारले. तीन आठवड्यांत नवीन पाने हिरवी आली. फवारल्यावर आठ-दहा दिवस भाजी खुडू नये आणि हे हिराकस लेकरांच्या हाती लागू देऊ नये.

पोरीचे मात्र नुसत्या भाजीने भागले नसते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तिने नेमाने घेतल्या. सोबत जेवण सुधारले. मेथी, चवळी, शेवग्याची पाने आणि त्यावर लिंबू, कारण आंबट फळातल्या जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होते, म्हणून तो बंद केला. कलेजीतील लोह शरीर अधिक सहज घेते, तेही पानात असावे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. घरात सर्वांत शेवटी जेवणारी बाई आपल्याही वस्तीत आहे. तिच्या ताटात काय उरते, हे आपण कधी पाहतो?

आता कामाचे बोलू. दोन वाफे आणि दहा-बारा डबे एवढी जागा सुरुवातीला पुष्कळ आहे. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. सगळे बी एकाच दिवशी टाकू नये. मेथी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी, ती साधारण महिन्याभरात काढणीला येते. सांबाराचे धणे हलके रगडून दोन फाकी कराव्यात आणि मग पेरावे, उगवण चांगली होते. पालक मुळासकट उपटू नये, कापून घ्यावा म्हणजे पुन्हा फुटतो. कडेने मुळा आणि लसूण लावावा. टमाटरांच्या मधे झेंडू लावावा, त्याच्या मुळांमुळे मातीतील सूत्रकृमी कमी होतात आणि फुलेही मिळतात. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी शेजारच्या मावशीला पाणी घालायला सांगून जावे. तीन-चार दिवसांच्या दुर्लक्षाने कोवळी रोपे जातात.

जानेवारीत वालावर आणि फुलांवर मावा येतो. औषधाच्या दुकानात धावू नये. 50 ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळावी, चिमूटभर साबण घालून फवारावी. कोळशाची किंवा चुन्याची धूळ पानांवर बसत असेल तर आठवड्यातून एकदा सकाळी पाने पाण्याने धुवावीत. भाजी चिरण्याआधी दोन-तीन पाण्यातून काढावी. आणखी एक सांगणे. दगडी कोळशाच्या शेगडीची राख वाफ्यात टाकू नये, ती खत नव्हे. लाकडाची राखही आपल्या चुनखडीच्या जमिनीत बेतानेच.

3 जानेवारी हा सावित्रीमाईंचा जन्मदिवस. फुलांच्या व्यवसायामुळेच या घराण्याला फुले हे नाव मिळाले. सावित्रीमाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह 1854 साली प्रसिद्ध झाला, त्यात जाई, गुलाब आणि पिवळ्या चाफ्यावरच्या कविता आहेत. मुलींना शिकवण्यासाठी शेणमाती झेलणाऱ्या या माउलीची नजर फुलावरही होती. तिच्या जयंतीला आमच्या आंगणातली शेवंती विहारात जाते. शेवंतीचा बहर संपला की झाड उपटू नये. वरून छाटावे, बुडाशी फुटलेली पिले जपावीत, तीच पुढच्या वर्षीची रोपे. याच दिवसांत मोगऱ्याचे पाणी तोडावे, जानेवारीच्या शेवटी छाटणी करून खत द्यावे आणि मग पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या येतात.

7 फेब्रुवारीला रमाईची जयंती. तोवर थंडी ओसरू लागते, मेथी-सांबार फुलावर येऊ लागतात. दोन-चार झाडे बियांसाठी राखून बाकीचे काढून घ्यावे. रिकाम्या वाफ्यात शेणखत घालून भेंडी, गवार, चवळी पेरावी. कुंपणाला काकडी, दोडके, कारले सोडावे. भेंडीचे बी रात्रभर भिजवून पेरले तर साधारण दीड महिन्यात पहिली भेंडी हाती येते. वाळलेल्या झेंडूच्या फुलांतील बी कागदाच्या पुडीत ठेवावे. संकरित वाणाचे बी मात्र पुढच्या वर्षी तसेच निघेल याचा भरवसा नसतो.

फाल्गुनात पळस पेटतो आणि कडुनिंबाची पानगळ होते. ही पाने जाळू नयेत. वाफ्यावर चार बोटे जाड पसरावीत, म्हणजे ओल टिकते. खरी परीक्षा येथून पुढे असते, कारण पाणी कमी होते. प्यायच्या पाण्याला हात लावून बाग करू नये. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी, न्हाणीचे पाणी एवढ्यावर दोन वाफे जगतात. फार साबणाचे पाणी तेवढे टाळावे. मातीचे जुने मडके वेलीजवळ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले तर पाझरून मुळांना ओल मिळते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह केला. त्यांच्या लेकरांच्या घरी नळ उघडा राहून पाणी वाहून जाऊ नये, एवढे तरी आपण पाहावे.

कोणी म्हणेल, चार हात आंगणाचे काय कौतुक? प्रश्न रास्त आहे. 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो बाया-माणसे तुरुंगात गेली. त्यांची मागणी जमिनीची होती, कुंडीची नव्हे. आंगणातला वाफा त्या मागणीची भरपाई करू शकत नाही आणि कोणी तशी समजूत घालू लागला तर ऐकू नये. पण ज्यांच्या आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून स्वतःसाठी एक जुडी खुडली नाही, त्यांच्या नातवंडांनी आपल्या दारची भाजी खुडावी, याचेही मोल आहे.

मी पेशाने कारकून, म्हणून वही ठेवली. खर्चाच्या बाजूला बियाण्याची सहा पाकिटे, एक झारी आणि शेणखत. जमेच्या बाजूला फाल्गुन अखेरपर्यंत मेथीच्या 41 जुड्या, पालकाच्या 26 कापण्या. सांबार आणि फुले मोजली नाहीत. विहारात वाहिलेली फुले सुकली की आम्ही परत आणतो. ती अनित्यता शिकवतात आणि खड्ड्यात खतही होतात. गेल्या वर्षी त्या खतातून आपोआप झेंडूची नऊ रोपे निघाली.

14 एप्रिलच्या आधी पोरीचे रक्त पुन्हा तपासले. 10.9 आले. अजून पुरेसे नाही, म्हणून गोळ्या पुढे चालू ठेवल्या. परीक्षा संपली होती. जयंतीच्या सकाळी तिने मोगऱ्याच्या कळ्या स्वतः खुडल्या, माळ गुंफली आणि विहारात नेली. माय तिच्याकडे पाहत होती. म्हणाली काहीच नाही.

यंदा नोव्हेंबरची मेथी उगवली आहे. वाफ्यात चुना नाही. ज्यांनी अजून पेरली नसेल त्यांनी या रविवारी पेरावी, उशीर झालेला नाही. जयभीम.