छारानगरच्या पोरांकडून चळवळीने काय शिकावे?

न्यायालयाचा निकाल गरिबाच्या बाजूने लागला की आपण पेढे वाटतो आणि विसरून जातो. निकालाचा कागद वकिलाच्या कपाटात जातो. ज्या वस्तीवर अन्याय झाला तिला तो वाचता येत नाही, कारण तो इंग्रजीत असतो. अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी मात्र १९९८ साली असाच एक कागद उचलला आणि भर चौकात उभा केला. त्यातून 'बुधन थिएटर' जन्माला आले.

हा बुधन कोण? पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातला बुधन सबर. १० फेब्रुवारी १९९८ रोजी तो बायकोला सायकलवर घेऊन निघाला असताना पोलिसांनी त्याला उचलले. १७ फेब्रुवारीला तो कोठडीत मेला. पोलिस म्हणाले, गळफास घेतला. सबरांनी काय केले? प्रेत लपवून पुरले आणि पोलिसांच्या डोळ्यांदेखत पेंढ्याचा पुतळा जाळला. म्हणूनच पुरावा शिल्लक राहिला. महाश्वेतादेवी ज्या सबर कल्याण समितीच्या पाठीशी होत्या, ती समिती कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने भरपाई आणि सीबीआय चौकशीचा आदेश दिला.

बुधनचा गुन्हा एकच होता, त्याची जमात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. आईच्या पोटातून बाहेर पडणारे मूल चोर म्हणूनच बाहेर पडते, असे मानणारा हा कायदा! मनुस्मृतीहून तो वेगळा कसा? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, माणसे कागदोपत्री 'विमुक्त' झाली. पण पोलिस ठाण्याच्या डोक्यातून तो गेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांना एका रांगेत उभे केले आणि ज्या संस्कृतीने ही माणसे निर्माण केली तिला संस्कृती म्हणायचे काय, असा जाब विचारला. विमुक्तांचा प्रश्न हा आपलाच प्रश्न आहे, हे बाबासाहेबांनी तेव्हाच सांगून ठेवले आहे. आपण ते किती लक्षात ठेवले?

छारानगर ही अशाच शिक्का मारलेल्या लोकांची वस्ती. आपल्याकडच्या कंजारभाटांचे हे भाऊबंद, भाषाही तीच, भांतू. गावात हातभट्टीचा धंदा, बाहेर चोर म्हणून बदनामी, शाळेत पोराने नाव सांगितले की मास्तरांच्या कपाळाला आठी. १९९८ साली महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृती गट उभारला. छारानगरच्या पोरांसाठी पहिल्यांदा काय झाले? वाचनालय! आधी पुस्तके आली, मग नाटक आले. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. 'शिका' हा शब्द पहिला का आहे, ते इथे कळते.

'बुधन' हे त्यांचे पहिले नाटक. पडदा नाही, दिव्यांचा झगमगाट नाही, महागडे नेपथ्य नाही. नटांची अंगे हीच कोठडी आणि हेच न्यायालय. प्रेक्षक भोवती कडे करून बसतात आणि शेवटी नट त्यांच्याकडेच वळून विचारतात, आम्ही दुय्यम दर्जाचे नागरिक आहोत काय? प्रस्थापित रंगभूमी ज्याला 'प्रायोगिक' म्हणते ते या पोरांनी शौक म्हणून केले नाही. नाट्यगृहाचे भाडे खिशात नव्हते आणि सांगायचे होते ते थांबणारे नव्हते, म्हणून चौक हाच त्यांचा मंच झाला.

दक्षिण बजरंगे आणि त्यांचे सोबती यांनी पुढे नाटकामागून नाटके केली. त्यातले एक आपल्या घरचे आहे. बारामतीत १९९८ सालीच पोलिस कोठडीत मेलेल्या पिन्या हरी काळे या पारध्यावरचे! बारामतीच्या पारध्यासाठी अहमदाबादची पोरे रस्त्यावर उतरली. महाराष्ट्रातले नाटकवाले तेव्हा कुठे होते, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारतो.

आणखी एक गोष्ट. छारा म्हणतात, आमचे बापजादे पोटासाठी चोरी करत तेव्हा सोंग वठवावेच लागे. अभिनय आमच्या रक्तात आहे. जातिव्यवस्थेने डोंबारी, कोल्हाटी, बहुरूपी यांच्या कलेला भिकेच्या वाडग्याला बांधून टाकले. छारानगरने तीच कला वाडग्यातून काढून तालमीला बसवली. मोठ्यांनी लहानांना शिकवले, लहान मोठे झाले, त्यांनी पुढच्यांना शिकवले. त्यातून नट झाले, पत्रकार झाले, चित्रपट करणारे झाले. २०११ साली त्यांच्यावर 'प्लीज डोन्ट बीट मी, सर!' हा माहितीपटही निघाला.

नाटकाने लाठी थांबली असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. जुलै २०१८ मध्ये रात्री पोलिस छारानगरात घुसले आणि घराघरातून लोकांना मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या. फरक एवढाच की, या वेळी वस्ती मुकी नव्हती. तिच्याकडे बोलायला स्वतःची शिकलेली माणसे होती.

आता आपल्याकडे वळू. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. सोमनाथ वडार समाजाचा, म्हणजे विमुक्त. आणि विचाराने भीमसैनिक. शवविच्छेदन अहवालात अनेक जखमांचा उल्लेख आला. त्याची आई लढली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. बुधनच्या वेळी होता तसाच कागद आज आपल्या हातात आहे. तो कोणत्या चौकात उभा राहिला?

आपली परंपरा कमी आहे काय? सत्यशोधकी जलसे, भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, मिलिंद महाविद्यालयाच्या म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा', प्रेमानंद गज्वींचे 'घोटभर पाणी', दत्ता भगतांचे 'वाटा-पळवाटा'. वारसा भरपूर, तालीम बंद! जयंतीला लाखांची वर्गणी जमते आणि ती डीजेच्या भिंतीत जाते. विहार रविवारी उघडतो, सहा दिवस कुलूप. गाणारे आहेत, वाजवणारे आहेत. पण वस्तीतल्या पोराला उभे कसे राहावे, आवाज कसा लावावा, निकालाचा कागद वाचून त्यातून प्रसंग कसा बांधावा हे शिकवणारी एक खोली नाही.

ही खोली फार मागत नाही. विहाराचे कुलूप आठवड्यातून तीन संध्याकाळी उघडावे. एक कपाट पुस्तके, वीस पोरे-पोरी आणि चळवळीतला एक जाणता नट एवढे पुरे. पहिल्या महिन्यात त्यांनी परभणीचा आदेश मराठीत वाचावा. वडार, पारधी, कैकाडी वस्तीतल्या मुलांना आधी बोलवावे, कारण हे नाटक त्यांच्याशिवाय होणार नाही. आणि पहिला प्रयोग ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी, त्यांच्याच वस्तीत करावा. यंदाच्या वर्गणीतून डीजेची एक रात्र कमी केली तरी वर्षभराचा खर्च निघतो. हिशेब मंडळांनी आपापला करून पाहावा.