आंब, अळी आणि अत्तर

हरभऱ्यावर फवारणीचे दिवस आले की आमच्या जऊळक्याकडच्या कृषी केंद्रांवर एक संवाद हमखास कानावर पडतो. दुकानदार संजीवकाची बाटली पुढे सरकवत म्हणतो, "झाडाची प्रतिकारशक्ती वाढते." गिऱ्हाईक बाटली उलटीपालटी करून पाहतं आणि विचारतं, "काहून बा, मंग यानं घाटेअळी मरते का नाही?" हो म्हणावं तर थाप, नाही म्हणावं तर बाटली परत फळीवर. त्या गिऱ्हाइकानं नकळत जिथं बोट ठेवलेलं असतं, तिथंच शास्त्रज्ञही अडले होते.

या संजीवकांतलं एक गाजलेलं नाव मुळात अत्तराच्या दुनियेतलं. मिथाइल जॅस्मोनेट १९६२ साली चमेलीच्या सुगंधी तेलातून वेगळं काढलं गेलं. त्याचा अळीशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात क्लॅरेन्स रायन आणि त्यांचे सहकारी ग्रीन यांना दिसलं की, भुंग्यानं बटाट्याचं किंवा टोमॅटोचं एक पान कुरतडलं तरी शाबूत पानांतही कीटकाचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात. चावा एका पानाला, बोंब साऱ्या झाडात! ही बोंब पोचवतं कोण, याच्या शोधात १९९० मध्ये एडवर्ड फार्मर आणि रायन यांनी एक साधा प्रयोग केला. बंद काचपात्रात टोमॅटोचं रोप ठेवलं आणि शेजारी सेजब्रश या रानझुडपाची डहाळी. दोघांचा एकमेकांना स्पर्शही नाही. तरी टोमॅटो लढाईला सज्ज! त्या डहाळीच्या वासात तेच अत्तरवालं मिथाइल जॅस्मोनेट होतं.

ही गोष्ट बहुतेक जण इथंच संपवतात. मला रस आहे तो पुण्यातल्या भागात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी, अभय हर्सुलकर, वासंती देशपांडे ही मंडळी आपल्या घाटेअळीच्याच पोटात डोकावत होती. हरभऱ्याच्या दाण्यात तशीच पचनरोधक प्रथिनं असतात. अळीनं दाणा खाल्ला की तिचं पचन बिघडावं, हा झाडाचा डाव. १९९८ मध्ये या गटानं दाखवलं की अळीच्या आतड्यातली पाचक विकरं हे हत्यारच निकामी करतात. म्हणजे शिपायाची तलवारच चोरानं चावून खाल्ली. मग पुढल्या वर्षी त्यांनी, ही अळी ज्यांवर सहसा वाढत नाही अशा पिकांची प्रथिनं लावून पाहिली: भुईमूग, चौधारी घेवडा, बटाटा. तिथं अळीची वाढ खुंटली. यावरून मी माझ्यापुरता काढलेला अर्थ असा की, झाडाला नुसतं "आणखी हत्यारं बनव" म्हणून भागत नाही. शत्रू त्याच हत्यारांवर पोसलेला असेल तर फवारणीचा खर्च तेवढा होतो.

बरं, झाडालाही हे फुकट पडत नाही. इयान बाल्डविन यांनी रानतंबाखूवर जॅस्मोनेट वापरून पाहिलं. कीड आली तेव्हा झाडाचा फायदा झाला, नाही आली तेव्हा बी कमी धरलं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हेच द्रव्य काढणीआधी ब्रोकोलीवर फवारून तिच्यातली ग्लुकोसिनोलेट ही माणसाला हितकर मानलेली द्रव्यं वाढवली, पण तो फायदा खाणाऱ्या माणसाचा.

आमच्याकडच्या हरभऱ्याचं खरं संरक्षक द्रव्य मात्र दुकानातल्या बाटलीत येत नाही. ती आंब. पानांवरच्या बारीक लवेतून पाझरणारं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. थंडीत सकाळी उघड्या पायांनी वावरात शिरा, पोटऱ्या चुरचुरायला लागतात. जुन्या बाया रात्री हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं फडकं पसरून ठेवत, पहाटे दवानं ओलं झालं की पिळून आंब बाटलीत भरत. पोटदुखीला, अपचनाला चमचाभर. याच आंबेतल्या ऑक्झॅलिक आम्लानं घाटेअळीची वाढ रोखली जाते, हे १९९५ मध्ये हरभऱ्यावरच्या अभ्यासात छापून आलं. ज्या वाणाला आंब जास्त, त्याला अळीचा ताप कमी, अशी ती सोयरीक. अवकाळी पाऊस येऊन आंब धुऊन गेली की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी का पडते, तेही यावरून समजावं.

पुन्हा दुकानातल्या बाटलीकडे येऊ. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं अशा बाटल्यांतून विकली जाणारी जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आणली. कीड मारणारी औषधं वेगळ्या कायद्याखाली येतात. "अळी मरते का?" या प्रश्नाला दुकानदार चाचपडतो, त्याचं निम्मं कारण इथं आहे.

आणि संजीवकाचाच प्रयोग करायचा तर बोटांनीही होतो. फुलं धरण्याआधी शेंडे खुडले की शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्सिन थांबतं, झोपलेले डोळे फुटतात, फांद्या वाढतात. बायांची बोटं आंबेनं चरचरतात खरी, पण या प्रयोगाचं बिल फाटत नाही, आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते ती वेगळीच.