गच्चीवर टॉवर, हवेत पॉवर!

माहीत आहे का? हैदराबादमध्ये राजभवन रोडवर ‘हॅम’ मंडळींची चक्क राष्ट्रीय संस्था आहे. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ, स्थापना १९८३. हॅम म्हणजे सँडविचमधला नव्हे हं! परवाना काढून, घरबसल्या, निव्वळ हौसेपोटी वायरलेसवर जगाशी गप्पा मारणारी ही जमात. गप्पा म्हटल्या की अँटेना आली, अँटेना म्हटली की टॉवर आला आणि टॉवर म्हटला की ‘हे काय उभं करताय?’ विचारत शेजारी आले.

निझामाच्या काळातही या शहराला रेडिओचं वेड होतं. १९३०च्या दशकात महबूब अली यांनी चिराग अली गल्लीत खासगी डेक्कन रेडिओ सुरू केला. ताकद फक्त २०० वॅट. १९३५मध्ये निझाम सरकारने तो ताब्यात घेतला. आज जनरल ग्रेडचा परवाना असलेल्या हॅमला किती मुभा आहे? ४०० वॅट! म्हणजे डेक्कन रेडिओच्या दुप्पट. फक्त गाणी लावायला सक्त मनाई.

उंचीचं गणित मात्र भलतंच कंजूष आहे. व्हीएचएफच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्याइतक्याच जातात. अँटेना १० मीटरवर असेल, तर क्षितिज सुमारे १३ किलोमीटरवर. ते २६ किलोमीटरवर न्यायचं, तर टॉवर २० मीटरचा करून भागत नाही, ४० मीटरचा लागतो. पल्ला दुप्पट, उंची चौपट, खर्च विचारू नका. बंजारा हिल्सवरचा साधा जीआय पाइप काचीगुड्यातल्या टोलेजंग टॉवरला भारी पडू शकतो तो यामुळेच.

टॉवरला जागाच नाही? मग कडुलिंबाचं झाड शोधा. ७ मेगाहर्ट्झसाठी जेमतेम २० मीटर तार लागते. मधोमध केबल जोडायची, एक टोक झाडाला, दुसरं पाण्याच्या टाकीला, झाला डायपोल तयार! दोरी फांदीवरून पलीकडे टाकायला जगभरचे हॅम काय वापरतात, माहीत आहे का? बेचकी! लहानपणी जिच्यापायी मार खाल्ला, तीच इथे अधिकृत हत्यार.

आता वाऱ्याचं बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की टॉवरवरचा दाब चौपट होतो. भारतीय मानक आयएस ८७५ प्रत्येक शहरासाठी वाऱ्याचा एक मूळ वेग गृहीत धरतं. मुंबईसाठी तो सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. पुण्यासाठी ३९. आणि समुद्रापासून कोसो दूर असलेल्या हैदराबादसाठी? थेट मुंबईइतकाच, ४४! तेव्हा ‘आपल्याकडे कुठे वादळ येतं?’ म्हणत चार खिळ्यांवर पाइप ठोकणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

म्हणून टॉवरला ताण देतात, तीन दिशांना समान अंतराने. तांत्रिक भाषेत गाय वायर. ही गाय दूध देत नाही, पण दाव्याला पक्की असते. गंमत अशी की लांबच लांब अखंड लोखंडी तार स्वतःच अँटेनासारखी वागायला लागते आणि मूळ अँटेनाचा सगळा हिशेब बिघडवते. त्यावर उपाय म्हणजे तारेचे तुकडे करून मध्ये चिनी मातीची ‘अंडी’ घालायची. विजेच्या खांबाच्या ताणात हाच अंड्याच्या आकाराचा इन्सुलेटर दिसतो. जवळ जाऊन नीट पाहा. दोन बाजूंच्या तारा त्याच्या दोन आडव्या-उभ्या भोकांतून अशा फिरवलेल्या असतात, की एकीचा फास दुसरीच्या फासात अडकलेला राहतो. तारा ओढल्या जातात तेव्हा माती ताणली जात नाही, दाबली जाते, आणि दाब सोसण्यात चिनी माती पटाईत. समजा अंडं फुटलंच, तरी तारा एकमेकींत गुंतलेल्या राहतात. टॉवर जागचा हलत नाही. हे ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला आपला सलाम!

तारा बदलतानाचा भलताच महागडा घोटाळा पोलंडमध्ये झाला. वॉर्सा रेडिओचा मनोरा ६४६ मीटर उंच होता. पुढे बुर्ज खलिफाने मात करेपर्यंत माणसाने बांधलेली सर्वांत उंच वास्तू हीच. ८ ऑगस्ट १९९१ रोजी ताणाच्या तारा बदलताना अख्खा मनोरा कोसळला. धडा काय? जुनी तार सोडण्याआधी तात्पुरती तार बांधा. गच्चीवरही.

हैदराबादी हॅमची खास डोकेदुखी मात्र पायाखाली आहे. इथला ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षं जुना! अंगणात खणायला गेलात तर कुदळ ‘ठण्ण’ म्हणून परत येते. पायाला दगड झकास, पण अर्थिंगला? बेकार. कोरड्या दगडात वीज मुरत नाही आणि आकाशातली वीज तर टॉवरवर डोळा ठेवूनच असते. मग जमेल तिथे खड्डा घ्यायचा, आत जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. भर उन्हाळ्यात त्याला तुळशीसारखं पाणी घालायचं. आणि ढग गडगडायला लागण्याआधीच केबल सेटपासून सोडवून ठेवायची. गडगडाट सुरू झाल्यावर नव्हे.

पाणी इथे मित्र, पण केबलमध्ये? एक नंबरचा शत्रू! कनेक्टरवर टेप नीट बसली नाही, तर कोअ‍ॅक्सची जाळी पाणी शोषून घेते आणि ते आतल्या आत सरकत जातं. म्हणून घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोका द्या. पाणी तिथूनच ठिबकून जाईल. खर्च शून्य रुपये.

संक्रांत आली की हैदराबादचं आभाळ पतंगांचं. दुसऱ्या दिवशी टॉवरकडे पाहिलंत तर आडव्या दांडीवर मांजाची तोरणं! पण पतंगावर रागावू नका. १९०१च्या सप्टेंबरमध्ये वादळाने मार्कोनीचे इंग्लंडमधल्या पोल्डूचे २०० फुटी डोलकाठ्यांचे मनोरे आडवे केले. त्याच डिसेंबरात न्यूफाउंडलंडला अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकायला त्याने अँटेनाची तार कशाने उंच नेली? पतंगाने!

आणि ती माशाच्या काट्यासारखी दिसणारी यागी? खरं नाव यागी-उडा, जन्म १९२६, जपान. मेहनत मुख्यतः शिंतारो उडांची, भाव खाल्ला प्रोफेसर यागींनी. किस्सा असा सांगतात, की १९४२मध्ये सिंगापूर पडल्यावर ब्रिटिशांच्या कागदांत ‘यागी’ शब्द सापडला, तर जपान्यांनी एका कैद्यालाच विचारलं, हे काय? तो म्हणाला, तुमचेच प्रोफेसर की!

यागीला टॉवर लागतोच असं नाही. स्टीलच्या मेजर टेपचे तीन तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवा, हातात धरा, आकाशाकडे रोखा. वरून जाणाऱ्या अंतराळ स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा आवाज यावरही पकडता येतो. जुलै २०२५मध्ये तिथूनच अंतराळवीर शुभांशु शुक्ला हॅम रेडिओवरून बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राशी बोलले होते.

हे सगळे रिकामपणाचे उद्योग वाटतात? २६ डिसेंबर २००४. हैदराबादच्या याच संस्थेच्या भारती प्रसाद दुर्मीळ ठिकाणाहून हॅम संपर्क साधायला अंदमानात गेल्या होत्या. त्सुनामी आली, फोन मेले. त्यांची अँटेना मात्र चालू होती. बेटांवर अडकलेल्यांची खबर मुख्य भूमीला तिच्यावरून मिळत गेली.

वय १२ पूर्ण झालं की हॅम परवान्याची परीक्षा देता येते. रेस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोडही लागत नाही आणि ५० वॅट मिळतात. बोल्ट, केबलचे कनेक्टर राणीगंज आणि कोठीच्या गुजराती गल्लीत धुंडाळा. वर चढताना सेफ्टी बेल्ट लावा, टॉवर आडवा झाला तरी विजेच्या तारांना लागणार नाही एवढं अंतर ठेवा. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी आधी काढा. तिचा अभ्यासक्रम मात्र कुठल्याच पुस्तकात नाही!