वेळापत्रकाचा तक्ता

जून महिन्याच्या उत्तरार्धात, प्रवेश-अर्जांचे गठ्ठे अद्याप दफ्तरात पडून असताना, तालुक्याच्या गावातील एका अनुदानित महाविद्यालयाचे उपप्राचार्य ज्या मोठ्या कागदावर नव्या सत्राचे वेळापत्रक मांडतात, त्या कागदापाशी मी बसलो होतो. आणि उच्च शिक्षणाची आजची अवस्था कोणत्याही अहवालापेक्षा त्या कागदावर अधिक स्पष्ट उमटते, असे माझे मत झाले आहे.

आरंभ खुल्या ऐच्छिक विषयाच्या तासाने होतो. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून राज्यातील संलग्नित महाविद्यालयांत लागू झाले, तेव्हापासून विद्यार्थ्याने स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचाही विषय शिकावयाचा आहे. कल्पना मला मनापासून आवडते. परंतु त्यासाठी कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांना एकच वेळ मोकळी सापडावी लागते, आणि त्या वेळी सारे वर्ग एकदम भरत असल्याने खोल्या अपुऱ्या पडतात. मग प्रात्यक्षिकांचे सलग तास बसवावयाचे, दुपारच्या एस.टी.ने परतणाऱ्या मुलींचे तास त्यापूर्वी आटोपावयाचे. हे सारे अनुभवाने साधते.

अडते ते तासापुढे अध्यापकाचे नाव लिहिताना. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला १६ तासांचा. तासिका तत्त्वावरील अध्यापकास मात्र ९ तासच देता येतात. म्हणून निवृत्तीने रिक्त झालेल्या एका पदाच्या जागी तक्त्यात दोन नावे येतात, आणि त्यांतील एकाला दुपारी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात शिकवावयाचे असल्याने त्याचे तास सकाळी ओळीने लावले जातात. तास भरून निघतात. पण तास संपल्यावर शंका घेऊन आलेल्या मुलाने कोणाकडे जावे? परीक्षा, राष्ट्रीय सेवा योजना, नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रे, हा सारा भार उरलेल्या मोजक्या कायम अध्यापकांवर पडतो.

पद भरावयाचे तर आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, शासनाची ना-हरकत, जाहिरात, निवड समिती, विद्यापीठाची मान्यता आणि वेतनासाठी सहसंचालकांची मंजुरी, असा क्रम आहे. त्यातील बिंदुनामावलीला तर सामाजिक न्यायाचे अधिष्ठान आहे. ती टळावी असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु ना-हरकतीच्या प्रतीक्षेत सत्रामागून सत्र जाते, तेव्हा नेट-सेट उत्तीर्ण झालेला, पीएच.डी. मिळविलेला माणूस, घेतलेल्या तासांपुरतेच मानधन आणि सुटीत तेही नाही अशा स्थितीत, चाळिशीकडे झुकतो. पदभरती होईल तेव्हा होवो. निदान तासिका तत्त्वावरील नेमणुकांची मान्यता पहिला तास सुरू होण्यापूर्वी हाती पडावी आणि मानधन दरमहा मिळावे, एवढी तजवीज सरकारने या वर्षीच केली पाहिजे.